डबीच्या तळाचं केशर

क्रीम कंपनीचे मुख्य प्रशिक्षक भालेराव सर नावाच्या बाबतीत भारी काटेकोर. कराडच्या उषाताईंच्या पार्लरात आले, तर दारावरच्या फळ्यावर त्यांचं नाव उषाताईंच्या खाली. सर उंबऱ्यातच अडून बसले. पार्लरात कामाला असलेल्या हेमांगीने ते पुसून सगळ्यात वर लिहिलं, तेव्हा कुठे आत आले.

आत येताच त्यांनी डबी उघडून उंचावली. “शुद्ध केशराचं क्रीम.”

उषाताई भाळल्या. उद्याच्या नवरीला हेच लावायचं ठरलं, आणि लावणार हेमांगी. पण गेल्याच महिन्यात एका सुगंधी क्रीमने याच नवरीचे गाल सुजले होते.

हेमांगीने डबीमागची बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचली. बोलावं तर नोकरीवर गदा. तरी बोललीच, “सर, जे जास्त असतं ते आधी लिहितात ना? इथे सुगंध बराच वर आहे आणि केशर सगळ्यात शेवटी.”

सर हसले. “अगं, नाव वर असलं काय नि खाली असलं काय, फरक काय पडतो?”

हेमांगीने ओला फडका आणि खडू उचलला.

“मग सर, फळ्यावर तुमचं नाव परत खाली घेऊ?”

उषाताईंनी डबीला झाकण लावलं आणि ती सरांच्या बॅगेत ठेवून दिली.