न मोडलेली नोट

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध नाणेपारखी राहत असत. उमेदीची तीस वर्षे त्यांनी कस्टमच्या कचेरीत काढली होती. जहाजांवरून उतरणाऱ्या माणसांकडून पदरचे पैसे देऊन त्यांनी देशोदेशीची नाणी आणि नोटा जमवल्या. आता त्यांच्या माडीवर शिसवी लाकडाची दोन कपाटे होती आणि त्या कपाटांत निम्मे जग होते. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणत.

त्यांचा एकच शिष्य होता. मोरेश्वर त्याचे नाव. तो हायस्कुलात इतिहास शिकवी आणि शाळा सुटली की थेट गुरुजींच्या माडीवर येई. असे बारा वर्षे चालले होते. पोर्तुगीज नाण्यांवरची अक्षरे नीट लागावीत म्हणून तो पोर्तुगीज शिकला, आखातातल्या नाण्यांसाठी अरबी लिपी शिकला. प्रत्येक नाण्याखाली त्याच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी असे: देश, साल, धातू, वजन. नगरवाचनालयाने या संग्रहासाठी एक दालन देऊ केले होते आणि ते आपल्याच हाती सोपवले जाणार याबद्दल मोरेश्वराच्या मनात शंका नव्हती. गुरुजींनी तसे कधी बोलून दाखवले नव्हते, इतकेच.

एके दिवशी दुपारी एक साठीचा माणूस बिस्किटांचा पत्र्याचा डबा काखेत धरून जिना चढून आला. कासमभाई. जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून त्यांनी जन्म काढला होता. डब्यात बंदराबंदरांतली उरलेली चिल्लर होती.

"विकायची आहे का?" मोरेश्वराने विचारले.

"नाही मास्तर. मला वाचता येत नाही. तीस वर्षं हे खर्चत आलो, पण यावर लिहिलंय काय ते कधी कळलं नाही. मरायच्या आधी तेवढं कळावं म्हटलं."

गुरुजींनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतले.

मोरेश्वराने एक मोठे चांदीचे नाणे उचलून माहिती सांगितली. "हा मारिया तेरेसा थेलर. ऑस्ट्रियाची राणी. गंमत अशी की हे नाणं कधीही पाडलेलं असो, त्यावर साल सतराशे ऐंशीच असतं."

"असेल," कासमभाई म्हणाले. "एडनला एक म्हातारा होता, लोबान विकायचा. तो राणीच्या छातीवरच्या फुलाचे मणी नखानं एक एक चाचपून बघायचा. सगळे लागले तरच नाणं घ्यायचा. राणीकडे एकदाही बघायचा नाही!"

गुरुजी मोठ्याने हसले. बारा वर्षांत मोरेश्वराने त्यांना असे हसताना पाहिले नव्हते. "मग?" गुरुजींनी विचारले. "आणखी काय काय मिळायचं एडनला?"

हा 'मग' मोरेश्वराला बोचला. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी टिपणे वाचून दाखवली होती. गुरुजी "छान" म्हणत, "बरोबर" म्हणत. 'मग' असे त्यांनी त्याला कधी विचारले नव्हते.

त्यानंतर कासमभाई रोज येऊ लागले. पूर्व आफ्रिकेचे मधोमध भोक असलेले नाणे मोरेश्वराने काढले, तर कासमभाईंनी मोंबासाच्या बायका ती नाणी दोरीत ओवून कशा बाळगत ते सांगितले. आखाती देशांसाठी वेगळी छापलेली दहा रुपयांची लाल नोट निघाली, तेव्हा मस्कतला तिच्यात किती खजूर येई आणि खजूरवाला किती तिरसट होता, तेही निघाले. एके दिवशी गुरुजी म्हणाले, "मोरेश्वरा, हे सगळं तुझ्या चिठ्ठ्यांवर खाली लिहीत जा."

"हे? गुरुजी, हा शास्त्रीय संग्रह आहे. त्यात खजूरवाल्याचा स्वभाव लिहू?"

"लिही."

तो लिहू लागला. कासमभाई खुर्चीत बसून सांगत आणि तो खाली सतरंजीवर बसून उतरवून घेई. गुरुजींचा चहा पितळी पेल्यात येत असे, तसलाच दुसरा पेला आता कासमभाईंसाठी येऊ लागला. मोरेश्वराचा चहा कपातच येत राहिला. घरी गेल्यावर तो बायकोला म्हणे, "एक अक्षर वाचता येत नाही त्या माणसाला." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. जेवा आता." माडीचा जिना चढताना वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला की त्याच्या छातीत काहीतरी आवळल्यासारखे होई, आणि तो मुद्दाम पाय आपटत वर जाई.

एकदा कासमभाईंनी डब्याच्या तळातून मेणकापडात गुंडाळलेली एक नोट काढली. मोझांबिकची, पोर्तुगीजांच्या अमलातली, पन्नास एस्कुदोंची. तिच्या पाठीवर शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या.

"बैरा बंदरात आमचं जहाज चार महिने नादुरुस्त होऊन पडलं होतं," ते म्हणाले. "मी तापानं फणफणलेला. धक्क्याजवळ एक भाजीवाला होता, आफोंसो. त्यानं मला स्वतःच्या घरी नेलं. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. जहाज सुटायच्या दिवशी त्यानं ही नोट माझ्या खिशात कोंबली. आमचं जहाज पुन्हा त्या बाजूला गेलंच नाही. मास्तर, तुम्हाला ती भाषा येते ना? काय लिहिलंय?"

मोरेश्वराने नोट उजेडात धरली. अक्षर स्पष्ट होते.

'कासम, ही एकट्याने मोडू नकोस. परत ये, दोघे मिळून मोडू. आफोंसो.'

तो क्षणभर थांबला. त्याच्या मनात आले, मला असे कोणी, कोणत्याही भाषेत, कधी लिहिले आहे? पुस्तके घोकून मी ही भाषा शिकलो ती या माणसाला आलेला निरोप वाचून दाखवण्यासाठी?

"सामानाची यादी आहे," तो म्हणाला. "बटाटे, मीठ, काड्यापेट्या. हाताशी कागद नसेल, नोटेवर लिहिली."

कासमभाई जरा वेळ नोटेकडे पाहत राहिले. "असेल," ते म्हणाले. "भाजीवालाच तो." मग त्यांनी नोट मोरेश्वरापुढे सरकवली. "मग मी कशाला सांभाळू? तुमच्या संग्रहात ठेवा."

गुरुजी खिडकीपाशी बसले होते.

नोट मोरेश्वराच्या पाकिटात गेली. संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासताना त्याने ती तीनदा काढून पाहिली. आपण जिंकलो असे त्याला वाटायला हवे होते. पण नोटेवरचे नाव कासमचेच होते आणि कितीही वेळा वाचले तरी ते बदलत नव्हते. पुढच्या आठवड्यात कासमभाई दोनदाच आले. गुरुजींनी बैराच्या बाजाराविषयी विचारले तर म्हणाले, "साधा बाजार होता. विशेष काही नाही." ते घरी लवकर जात. गुरुजींचे हसणेही थांबले. मोरेश्वराला हवे होते ते सगळे झाले होते, तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. उलट, कासमभाई आले नाहीत की गुरुजी जिन्याकडे पाहत, आणि त्या पाहण्याचासुद्धा त्याला हेवा वाटे.

शेवटी एके दिवशी त्याचा तोल सुटला.

"गुरुजी, बारा वर्षं मी तुमच्या पायाशी बसलो. सणवार पाहिला नाही, घर पाहिलं नाही. आणि एक भंडारी डबा घेऊन येतो आणि तुमचा होऊन बसतो! मला काय दिलंत तुम्ही?"

गुरुजी उठले. त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडवून मोरेश्वराच्या हातात ठेवल्या. "दोन्ही कपाटं तुझी. आणखी काय हवं?"

मोरेश्वर गोंधळला. पण मागणे सुरू झाले होते. "दालनाच्या पाटीवर माझं नाव."

"दिलं. आणखी?"

"तुमचं भिंग."

गुरुजींनी गळ्यातले भिंग काढून दिले. "आणखी माग. मनात ठेवू नकोस."

मोरेश्वर म्हणाला, "कासमभाईंनी इथे येऊ नये."

"तेही दिलं. उद्या त्यांना तसा निरोप देतो. आता निवलास का?"

मोरेश्वर हातात किल्ल्या आणि भिंग धरून उभा राहिला. खाली रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवली. तो निवला नव्हता. काहीच कमी झाले नव्हते. त्याला एकाएकी भीती वाटली.

"गुरुजी, हे तुम्ही का केलंत?"

"बस," गुरुजी म्हणाले. त्यांनी त्याला कासमभाईंच्या खुर्चीत बसवले. "तू इतक्या देशांच्या नोटा हाताळल्यास. प्रत्येक नोट आपल्या सरहद्दीपर्यंत चालते. हेव्याचं चलन मात्र फार चमत्कारिक आहे. ते फक्त दुसऱ्याच्या खिशात असेपर्यंत मोलाचं दिसतं. आपल्या खिशात आलं की त्याच क्षणी रद्द होतं. कासमभाईंची नोट तुझ्या पाकिटात आहे. सांग, काय विकत घेतलंस तिनं?"

मोरेश्वराची मान खाली गेली. "तुम्हाला कळलं होतं?"

"माझे डोळे अधू झालेत, कान नाहीत. वाचताना तू आधी थांबलास. बटाटे आणि मीठ वाचताना माणूस थांबत नाही." मग त्यांचा स्वर उतरला. "आणि दोष तुझा एकट्याचा नाही. तुझं काम चोख असतं, म्हणून मी कधी त्याच्या पुढचं विचारलं नाही. ती माझी चूक. पण ती नोट माझी नाही. तिच्याबद्दल मी तुला क्षमा करू शकत नाही."

मोरेश्वर उठला. किल्ल्या त्याने गुरुजींपुढे ठेवल्या आणि भिंग त्यांच्या गळ्यात परत घातले. "कासमभाईंना निरोप देऊ नका," एवढेच म्हणून तो जिना उतरला.

कासमभाईंचे घर खाडीच्या कडेला होते. ते ओट्यावर बसून लसूण सोलत होते. मोरेश्वराने नोट त्यांच्यापुढे ठेवली.

"मी खोटं बोललो. ती यादी नव्हती."

"मग?"

त्याने दोन्ही ओळी मराठीत वाचल्या. कासमभाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचल्या.

"त्याच्या भाषेत वाचा. जशा आहेत तशा."

त्याने पोर्तुगीजमध्ये वाचल्या. 'आफोंसो' हा शब्द आला तेव्हा कासमभाईंनी डोळे मिटले. मग ते उठले आणि मोरेश्वराकडे पाठ करून खाडीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुम्ही माझी नोट घेतलीत, त्याचं काही नाही मास्तर," ते म्हणाले. "पण दहा दिवस मी त्या माणसाला परका समजलो. स्वतःच्या मनात म्हटलं, कासम, तू उगाच जीव लावलास, त्याला तू गिऱ्हाईक होतास. दहा दिवस! त्यानं मला हातानं पेज भरवली होती."

हात जोडावेत असे मोरेश्वराच्या मनात आले, पण तेही त्याला उथळ वाटले. "का केलंत?" असे कासमभाईंनी विचारले, तेव्हा त्याने खरे ते सांगितले.

"मला तुमचा हेवा वाटला. मला असं कोणी लिहिलेलं नाही."

कासमभाई वळले. त्याच्याकडे त्यांनी असे पाहिले जणू या माणसाला ते पहिल्यांदाच भेटत होते. राग गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता. पण ते आत गेले आणि नातीच्या शाळेच्या वहीतला एक कागद घेऊन आले.

"बसा. पत्र लिहा त्याला. जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही. पत्ता एवढाच: आफोंसो, भाजीवाला, धक्क्याजवळचा बाजार, बैरा."

"काय लिहू?"

कासमभाईंनी विचार केला. "लिहा, तुझं लिहिलेलं आज कळलं. उशीर झाला." थोडे थांबून ते म्हणाले, "लिहा, नोट अजून मोडलेली नाही."

मोरेश्वर ओट्यावर मांडी घालून लिहू लागला. पोर्तुगीज शब्द एकामागून एक येत होते आणि प्रत्येक शब्द दुसऱ्याच्या मैत्रीचा होता. मध्येच छातीत ते ओळखीचे आवळणे पुन्हा जाणवले. हेवा गेला नव्हता, जिथल्या तिथे होता. मोरेश्वराने त्याला तिथे राहू दिले आणि पुढची ओळ लिहिली. कासमभाई सांगत राहिले, आफोंसोच्या आईबद्दल, त्याच्या लंगड्या कुत्र्याबद्दल. कागद भरला तेव्हा मोरेश्वराने मान वर केली.

"मग?" त्याने विचारले.

कासमभाईंनी आतून दुसरा कागद आणला.

मन स्वच्छ झाल्यावर चांगले वागू म्हणणाऱ्याचे पत्र सहसा लिहून होत नाही. ते मन जसे असेल तसे घेऊनच लिहायला बसावे लागते.