आधी साहेबांनी आ करावा

नणंदेच्या छातीतली कॅन्सरची गाठ फार उशिरा कळली, तेव्हा मथुराकाकूंनी शांतादुर्गेपुढे व्रत घेतलं होतं: वाडीतली एकही बाई तपासणीवाचून राहू द्यायची नाही.

देशाच्या कॅन्सर योजनेचा आराखडा करणारे सरपोतदार साहेब वाडीत आले. तपासणी शाळेच्या उघड्या ओसरीवर, तीही पुरुष डॉक्टरांकडून ठेवलेली. कोण बाई फिरकणार?

साहेब कडाडले, "लाज सोडा! नाहीतर आराखड्यातून वाडीच वगळतो."

काकूंनी हात जोडले. "खरंय साहेब. पण शुभकार्य थोरांपासून सुरू व्हावं. तोंडही तपासतात ना? आ करा बघू."

गालातला गुटखा सावरत साहेब पुटपुटले, "इथे? चारचौघांत?"

"तुम्हाला तर नुसतं तोंडच उघडायचंय!"

हशा पिकला. बंद खोली आणि डॉक्टरीणबाई, दोन्ही मुकाट्यानं आराखड्यात आल्या.

बायांनो, तुम्हीही असं व्रत घ्या. आणि पहिली तपासणी स्वतःची करा, हं.