नर्मदा मडावीचं नाव

चंद्रपूरच्या एका कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. गडचिरोलीची नर्मदा मडावी आत गेली, तेव्हा समितीचे अध्यक्ष डॉ. केळुसकर सर्दीने हैराण होऊन नाकाला रुमाल लावून बसले होते.

"दर्बदा बडावी?" त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं. "गडचिरोलीकडच्या लोकादा इग्रजी उच्चार जबत दाहीत."

बाकीचे सदस्य ओशाळून हसले. नर्मदाचे कान तापले, पण नोकरी घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ती घरून ठरवूनच आली होती.

"सागा, इग्रजीत दाकातले आवाज किती?"

"तीन, सर," ती शांतपणे म्हणाली. "'मदर'मधला म ओठ मिटून होतो. 'नेम'मधला न जीभ वरच्या दातांमागे टेकवून. 'किंग'च्या शेवटचा आवाज जिभेची मागची बाजू उचलून. तिन्ही वेळा तोंडाची वाट बंद असते आणि हवा नाकातून जाते. नाकच बंद असलं, तर म चा ब होतो, न चा द होतो."

"उदाहरड?"

"माझं नाव, सर. आत्ता तुम्ही घेतलंत ते. तुमचे ओठ आणि जीभ अगदी बरोबर जागी होते. उच्चार बिघडला तो सर्दीने. माणूस कुठल्या जिल्ह्याचा, याच्याशी त्याचा संबंध नाही."

केळुसकरांनी रुमाल खाली घेतला, तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले.

"सोबवारी रुजू व्हा," ते म्हणाले.