खंडेनवमीची माळ

एकदा एक कारखाना होता, आणि त्यात भरदिवसाही मिट्ट काळोख असे. भुताखेतांची गोष्ट नव्हे हो! तिथे छायाचित्रांची फिल्म तयार होई, आणि तयार होताना फिल्मला उजेडाचा एक किरणही खपत नाही. पारदर्शक पट्टीवर चांदीच्या क्षारांचा लेप चढवायचा, तोही चाचपडत. या कामात वृद्ध आप्पांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा शिष्य मुकुंद वीस वर्षे त्यांच्याजवळ उभा राहून ही विद्या शिकला होता.

पण दिवस फिरले. जो तो फोनवर फोटो काढू लागला आणि फिल्मची मागणी आटली. अखेर मालकांनी कारखाना मोडीत काढायचे ठरवले. मालक मात्र दिलदार माणूस. ते आप्पांना म्हणाले, "उद्या खंडेनवमी. पूजेत तुम्ही ज्या यंत्राला माळ घालाल, ते तुमचं. मागची शेडही वापरा. बाकीचं सगळं दसऱ्यानंतर भंगारवाला नेईल."

मुकुंदाचा जीव भांड्यात पडला. विद्या वाचली! माळ कोणाला पडणार, यात शंका ती कसली? तीन मजली उंचीचे ते महायंत्र म्हणजे कारखान्याचे दैवतच. खंडेनवमीची पहिली माळ दरवर्षी त्याचीच. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुकुंदाने ते घासूनपुसून लख्ख केले, हळदकुंकू वाहिले आणि पुढ्यात नारळ ठेवला.

आप्पा माळ घेऊन आले. त्यांनी महायंत्राला वाकून नमस्कार केला आणि चक्क पुढे निघून गेले! कोपऱ्यात गोणपाटाखाली एक छोटेसे यंत्र पडले होते. नवशिक्यांनी त्यावर हात बसवायचा, एवढाच त्याचा उपयोग. आप्पांनी गोणपाट दूर केले आणि झेंडूची माळ त्यालाच घातली.

"साठी बुद्धी नाठी," मागून कोणीतरी कुजबुजले. मुकुंदाला तर रडूच कोसळले.

"आप्पा, हे काय केलंत? ज्यानं आपल्याला जन्मभर पोसलं, ते सोडून हे खेळणं? आता ही विद्या माझ्याबरोबरच मरणार!"

आप्पा हसले. "डोळे पूस आधी. आणि सांग, हल्ली फिल्म मागणारी किती माणसं उरलीत?"

"असतील दोनशे. कॉलेजातली पोरं, दोन-चार हौशी म्हातारे."

"आणि मोठं यंत्र एकदा सुरू केलं, की कमीत कमी किती रिळं काढावी लागतात?"

"एक लाख." मुकुंदाचा आवाज खाली आला. गेल्या वर्षी पडून पडून वाया गेलेल्या रिळांचे ढीग त्याने स्वतःच फेकले होते.

"अरे, लग्नघरच्या हंड्यात चौघांपुरता भात टाकला, तर तो करपणारच. मग आपण कपाळाला हात लावून म्हणतो, लोकांची भूकच मेली. भूक मेली नाही, बाबा, पंगत उठली. घरात अजून चार माणसं पाटावर बसून आहेत. त्यांच्यापुरतं पातेलं चुलीवर चढव. आणि विद्या त्या लोखंडात होती थोडीच? ती तुझ्या बोटांत आहे."

मुकुंदाने महायंत्रापुढचा नारळ उचलला आणि छोट्या यंत्रापुढे ठेवला. त्याला खूण पटली होती.

दिवाळीनंतर मागच्या शेडमध्ये काळोख करून गुरुशिष्यांनी छोटे यंत्र चालवले. पहिली पट्टी हाताला एकसारखी, गुळगुळीत लागली, तेव्हा मुकुंद अंधारातच नाचू लागला, आणि नाचता नाचता त्याने आप्पांच्या पायावर पाय दिला. "अगं आई गं!" म्हणत आप्पाही पोट धरून हसले.

संक्रांतीला मालक तिळगूळ घेऊन आले. शेडमधली लगबग पाहून त्यांना नवल वाटले. "काय हो मुकुंदराव, दोनशे माणसांसाठी एवढा खटाटोप?"

"दोनशे कुठले, शेठ?" हात पुसत मुकुंद म्हणाला. "सकाळी दोनशे सात झाले. आणि ही पोरगी दारात उभी आहे ना, ती दोनशे आठवी."