परतीच्या पट्ट्या

"एक कारण सांगा, अण्णा. एकच. इथून का नाही उतरायचं?"

ढमाले अण्णा खिंडीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी खाली बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"तू विचारत नाहीस," ते म्हणाले. "सांगतेयस."

"विचारतेच आहे."

अण्णा पुन्हा खाली बघू लागले.

खिंडीखाली उत्तरेचा उतार पसरला होता. गुळगुळीत, पांढरा, एकही सुरकुती नसलेला. गिर्यारोहक त्याला आरसा म्हणत. आरशावरून स्की करत उतरलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्या बोटांत आपलंही एक बोट असावं असं शाल्मली बोरस्तेला फार दिवसांपासून वाटत होतं.

शाल्मली नाशिकची, अण्णांच्या हाताखाली तयार झालेली. बर्फावर तिच्याइतकं देखणं उतरणारं माणूस आपल्याकडं क्वचितच असेल. ही गोष्ट तिला कुणी सांगावी लागत नसे.

अण्णा मुळशीचे. ऐन तारुण्यात हिमालयात, लाहौलला आले ते तिथलेच झाले. हौशी माणसांना स्कीवरून उंच शिखरांवर न्यायचं आणि धड हातीपायी परत आणायचं, हा त्यांचा धंदा. आता गुडघा साथ देईना. हा त्यांचा शेवटचा हंगाम होता. पुढच्या हंगामापासून माणसं कुणाच्या हाती सोपवायची, ते आज खाली उतरल्यावर ठरणार होतं.

सकाळी निघताना अण्णा तिला एवढंच म्हणाले होते, "आज पुढं तू. मी मागं."

त्यांच्यासोबत तिसरे होते डॉक्टर चौगुले. कोल्हापूरचे दातांचे डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणारा हा माणूस मघाशी शिखरावर स्वतःच आ करून उभा राहिला होता. स्की खिंडीत ठेवून, दोरी आणि बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीच्या आधारानं शेवटचा कडा चढून ते तिघं वर गेले होते. आता पुन्हा खिंडीत आले होते.

इथून खाली जायला दोन वाटा. एक आल्या वाटेनं लांबचा वळसा. त्यात मध्येच पुन्हा एक चढ. दुसरी, समोरचा आरसा.

"परवा दुसऱ्या तुकडीतला एक जण इथूनच उतरला," शाल्मली म्हणाली. "त्याच्या रेघा अजून दिसतायत. त्या बघा, डावीकडं."

"दिसतायत."

"त्याला काही झालं नाही."

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," अण्णा म्हणाले. "पण पुढच्याला ठेच लागली नाही म्हणून मागचा शहाणा झाला, असं कुठं ऐकलंयस?"

डॉक्टर हसले. शाल्मली हसली नाही.

"काल वारा होता," अण्णा म्हणाले.

"माहितीये. म्हणूनच खड्डा खणून बघितला."

तिनं खरंच बघितलं होतं. खिंडीला लागून बर्फात खड्डा खणला, करवतीनं बर्फाचा एक खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवून हातानं थापा मारल्या. आधी हलक्या, मग जोरात. खांब जागचा हलला नव्हता, म्हणजे बर्फ पक्का.

"खड्डा कुठं खणलास?"

"इथं. कडेला."

"उतरणार कुठून?"

"...मधून."

अण्णांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते डॉक्टरांना कळलं नाही. शाल्मलीनं ते आपल्या सोयीनं घेतलं.

तिनं स्की उलट्या केल्या आणि तळाच्या पट्ट्या सर्रकन ओढून काढल्या. चढताना स्कीच्या तळाला या केसाळ पट्ट्या चिकटवतात. त्यांचे केस मागच्या दिशेला झुकलेले असतात, म्हणून स्की पुढं सरकते, मागं घसरत नाही. पट्टीच्या पाठीला गोंद असतो. उतरताना पट्ट्यांचं काही काम नसतं.

शाल्मलीनं आपल्या पट्ट्या गुंडाळल्या आणि सॅकच्या पार तळाशी कोंबल्या.

"डॉक्टर, तुमच्या पण टाका सॅकमध्ये. आता लागणार नाहीत."

डॉक्टरांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी आपल्या पट्ट्या घडी करून जाकिटाच्या आत, छातीशी सरकवल्या होत्या. आधीच त्यांचं जाकीट पोटावर फुगलेलं होतं. सकाळीच डॉक्टरांनी त्यांना चिडवलं होतं, "काय ओ अण्णा, या वयात पोट सुटाय लागलं की!" अण्णा नुसते पोटावर हात फिरवून पुढं गेले होते.

डॉक्टरांनीही आपल्या पट्ट्या जाकिटात घातल्या.

"मला काय कळतंय यातलं," ते ओशाळून म्हणाले. "अण्णा करतील ते करायचं, बस."

शाल्मलीला ते लागलं. आज पुढं ती होती.

"मी आधी जाते," ती म्हणाली. "त्या खडकापाशी थांबते. मी हात वर केला की डॉक्टरांना सोडा. शेवटी तुम्ही."

"दोरी बांध."

"स्कीवर दोरी? अण्णा, मी काय आज शिकतेय?"

"खडकापर्यंत."

तिनं चिडूनच दोरी बांधली. अण्णांनी खिंडीतल्या एका घट्ट दगडाला फास टाकून स्वतःला त्यात अडकवलं आणि दोरी कमरेभोवती घेतली.

शाल्मली उतरली. काय उतरली! डॉक्टरांच्या तोंडून आपसूक "वा" निघालं. ओळीनं सुरेख वळणं घेत ती खडकापाशी पोचली. उताराच्या कडेला, बर्फातून वर आलेला तो एक काळा खडक होता.

खडकावर उभं राहून तिनं वर बघितलं. मग कमरेची गाठ सोडली.

"दोरी घ्या वर!"

"असू दे," अण्णांनी खालपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. "तशीच राहू दे."

"डॉक्टरांना कसं पाठवणार मग? घ्या वर!"

अण्णांनी दोरी सावकाश वर ओढली आणि डॉक्टरांच्या कमरेला बांधली. डॉक्टरांनी स्कीचं टोक आरशाच्या दिशेला वळवलं.

शाल्मलीनं हात वर केला.

आणि उतारातून आवाज आला.

मोठा नव्हता. भरली गोणी ओट्यावर टेकवावी तेवढाच. हुंप.

खडकाच्या थोडी वर बर्फात एक बारीक निळी रेघ उमटली. खडकाजवळून निघाली आणि बघता बघता आरशाच्या पार पलीकडच्या कडेपर्यंत धावत गेली. मग थांबली.

डॉक्टरांची एक स्की उतारावर होती. त्यांच्या सॅकवर मागून अण्णांचा पंजा पडला होता.

"डॉक्टर, श्वास घ्या," अण्णा म्हणाले. "पाय उचलू नका. मी ओढतो तसं मागं या."

डॉक्टर मागं आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

खाली शाल्मली खडकावर उभी होती. वाऱ्यानं आणून थापलेला सगळा बर्फ तिच्या पायाखाली आणि डोक्यावर सुटा होऊन नुसता टेकला होता. खाली जावं तर सगळा आरसा अंगावर घ्यायचा. वर खिंड जवळ होती, पण स्की काढून चालावं तर कमरेपर्यंत रुतायचं, आणि त्या चिरेला तेवढाच धक्का पुरला असता. स्कीवर चढावं तर...

तिनं सॅक उतरवली. तळातून पट्ट्या काढल्या.

त्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या. गोंदावर बर्फाचे कण बसले होते. तिनं ते जाकिटाला पुसले. पट्टी स्कीच्या तळाला लावून तळहातानं दाबली. सोडली. पट्टी गळून पडली. पुन्हा दाबली. पुन्हा पडली. तोंडाची वाफ दिली, दातात धरली, मांडीवर घासली. काही होईना.



"अण्णा, काहीतरी सांगा ओ तिला," डॉक्टर कुजबुजले.

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या जबड्याचं हाड वरखाली होत होतं. भीती वाटत होती त्यांनाही, चांगलीच.

खालून आवाज आला. बारीक, कोरडा.

"अण्णा... पट्ट्या चिकटत नाहीत. काय करू?"

अण्णांनी जाकिटाची चेन उघडली. आत हात घालून पट्ट्यांची एक घडी काढली. सकाळपासूनचं पोट एकदम निम्मं झालं. डॉक्टरांच्या कमरेची दोरी सोडवून त्यांनी कानटोपीत गुंडाळलेली घडी तिच्या टोकाला बांधली आणि खडकाच्या रोखानं अलगद खाली सोडली. कानटोपी बर्फावरून सरकत गेली. चिरेवरून जाताना जरा अडखळली... आणि गेली.

"दोरी आधी बांध," अण्णा म्हणाले. "मग पट्ट्या."

तिनं दोरी बांधली. पट्ट्या बाहेर काढल्या. त्या उबदार होत्या. स्कीला लावल्या आणि त्या धरून बसल्या. तिनं सॅक पाठीला अडकवली.

"आता कडेकडेनं. कड सोडू नकोस. पाऊल आपटू नकोस, नुसतं सरकव."

"हो."

"घाई करू नकोस."

"हो, अण्णा."

ती सरकली. एक पाय, मग दुसरा. दोरी ताठ होती, पण अण्णा ओढत नव्हते. ओढलं असतं तर ती बर्फ कापत वर आली असती.

चिरेपाशी ती थांबली. चीर आता हाताच्या पंजाएवढी रुंद दिसत होती. तिच्या पलीकडं खिंड, अण्णांचे बूट, डॉक्टरांचा रडवेला चेहरा. तिला वाटलं, एक उडी मारावी.

"सरकव," अण्णा म्हणाले.

तिनं डावी स्की चिरेवरून सरकवली. त्यावर भार टाकला. मग उजवी उचलली नाही, ओढून घेतली.

ती खिंडीखाली हातभर अंतरावर असताना तिच्या मागं काहीतरी फाटलं. तिनं वळून बघितलं नाही. अण्णांचा हात तिच्या सॅकच्या बंदात अडकला आणि दोघं मागं खिंडीत आदळली.

आरसा गेला. अख्खा. आधी सावकाश, चादर ओढल्यासारखा, मग तुकडे होत, मग नुसता धूर. परवाच्या त्या रेघाही गेल्या. खूप खाली, हिमनदीवर तो कोसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

डॉक्टर मट्कन खाली बसले. त्यांना बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

शाल्मली स्कीकडं बघत होती.  पट्ट्यांची शेपटं स्कीच्या मागच्या टोकाला चपखल अडकली होती. कडा दोन्ही बाजूंनी अगदी धारेपर्यंत कापलेल्या. तिच्या स्की याच हिवाळ्यात घेतलेल्या, आखूड आणि रुंद. अण्णांच्या जुन्या, लांब आणि अरुंद. पट्टी ज्याच्या-त्याच्या स्कीच्या मापानं कापावी लागते. एकाची दुसऱ्याला होत नाही.

"या माझ्या मापाच्या आहेत," ती म्हणाली.

"हं."

"माझ्या तर तिथं खडकावर राहिल्या."

"हं."

"मग या...?"

"कापल्या."

"कधी?"

अण्णा दोरी गुंडाळत होते. त्यांनी आधी गुंडाळी पुरी केली.

"तू विचारायचं सोडलंस तेव्हा."

तिला रडू आलं. गॉगल आतून धुरकट झाला. तिनं तो काढला नाही.

"मी डॉक्टरांना पाठवत होते," ती म्हणाली. "हात वर केला होता मी."

"हो."

"तुम्ही आधीच अडवायचं होतंत. तुम्हाला कळलं होतं. एका शब्दानं..."

"एका शब्दानं तू आज थांबली असतीस," अण्णा म्हणाले. "पुढच्या हंगामात मी नसेन."

वारा पुन्हा सुटायला लागला होता. वळशाची वाट लांब होती आणि मधला चढ उन्हात होता तोवर ओलांडायला हवा होता. डॉक्टरांनी आपल्या जाकिटातून पट्ट्या काढल्या, स्कीला लावून पुन्हापुन्हा दाबून बघितल्या आणि परत जाकिटात ठेवल्या.

शाल्मलीनं स्की काढल्या. तळाच्या पट्ट्या सोडवून नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढं धरली.

"मी वळसा पायी चालत येते. मला चालायलाच पाहिजे. आणि पुढच्या हंगामाला दुसरं कुणी बघा, अण्णा. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

अण्णांनी घडी घेतली. गोंदाच्या बाजूवरून अंगठा फिरवून गोंद अजून चिकट आहे का ते बघितलं. मग तिच्या जाकिटाची चेन खाली ओढली, घडी आत, छातीशी ठेवली आणि चेन पार हनुवटीपर्यंत वर नेली. लहान मुलाला शाळेत पाठवताना करतात तशी.

"चढ येईपर्यंत तिथंच असू दे," ते म्हणाले. "चल. पुढं हो."

ती जागची हलली नाही.

"मी... पुढं?"

"डॉक्टर, उठा," अण्णा म्हणाले.

डॉक्टर उठले. बूट स्कीत अडकवले. अण्णांनी वाकून, गुडघ्यावर हात देत, त्या स्कींच्या टोकापासून शेपटापर्यंत नजर फिरवली.

"माझ्या स्कीत काय बघताय ओ?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं. "मोडली का काय?"

अण्णा सरळ झाले. शाल्मलीकडं वळले.

"खाली पोचलीस की आधी यांच्या स्कीचं माप घे."