वैजूचा ओला अंगठा

एका गावात एक भोळी मुलगी होती. खरं तर एका गावात नव्हती, तीन गावांत होती. बाप मोरदऱ्याचा, आई वडजाईची आणि घर बांधलेलं कुरणवाडीच्या हद्दीत. त्यामुळे तिन्ही गावं तिला आपली म्हणायची. तिचं नाव वैजू.

वैजू बी.ए. झाली होती, पण जीव चिमणीएवढा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची, आणि दचकली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. कॉलेजात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. कुणी काही सांगितलं की वहीत लिहून घ्यायचं. लिहिलेलं कुठे वापरायचं हा धडा झाला त्या दिवशी ती बहुतेक गैरहजर होती.

या तीन गावांत मोबाइलला रेंज नव्हती. फॉर्म भरायचा तर तालुक्याला जा, दाखला काढायचा तर तालुक्याला जा. एकट्यादुकट्या गावाला कुणी इंटरनेटची लाइन देईना. मग मोरदऱ्याच्या सरपंच भीमाअक्का यांनी तिन्ही गावांची मिळून समिती केली. मोरदऱ्याने खोली दिली, वडजाईने खांब दिले, कुरणवाडीने चर खणला. लाइन आली, पण महिन्याच्या चाचणीवर. तिसाव्या दिवशी लाइनवाले साहेब येणार, तिन्ही गावं लाइन मिळून चालवतात का ते बघणार. चालवत असतील तर दुपारी बाराच्या आत मशीनवर अंगठा लावायचा, लाइन कायमची. नाहीतर ती डोंगरापलीकडच्या गावांना.

खोली सांभाळायला माणूस हवं होतं. मोरदऱ्याला वडजाईचं चालेना, वडजाईला कुरणवाडीचं. वैजू तिघांनाही चालली. मशीनमध्ये तिच्याच अंगठ्याची नोंद झाली. सहा वेळा लावला तेव्हा कुठे एकदा उमटला. घाम, दुसरं काय.

अक्का म्हणाल्या, “वैजू, त्या लाइनच्या डब्यावरचा हिरवा दिवा बघत बस. तो गेला की लाइन गेली.”

“बरं, अक्का,” वैजू म्हणाली आणि लिहून घेतलं.

ती दिवा बघत बसली. पापणीसुद्धा बेतानेच लववली. दुपारी एक आजी काठी टेकत आली.

“पोरी, मी जिवंत असल्याचा दाखला काढायचाय.”

“आजी, मी दिवा बघतेय.”

“मग मला कोण बघणार?”

वैजूने मान न वळवता वही चाचपली. “ते लिहिलेलं नाही.”

संध्याकाळी आजी अक्कांच्या दारात हजर. “मी जिवंत आहे का नाही, हे तुमची पोरगी वळून बघायलासुद्धा तयार नाही!”

अक्कांनी कपाळाला हात लावला. “अगं, दिव्याचं काय घेऊन बसलीस? माणूस आलं की उठावं. बसा म्हणावं, पाणी द्यावं, काय पाहिजे विचारावं आणि ते देऊन मोकळं व्हावं.”

“बरं, अक्का.” लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एक माणूस खिडकीतून आत उतरला. हातात पक्कड. वैजू दचकली, पण लिहिलेलं ते लिहिलेलं. ती उठली.

“बसा. पाणी घ्या. काय पाहिजे?”

माणूस तिच्याहून जास्त दचकला. “ब... बॅटरी.”

“मोठी का लहान?”

“मोठी.”

मोठी जड होती. एक बाजू त्याने धरली, एक वैजूने. रस्त्यापर्यंत पोचवून ती म्हणाली, “या परत.” हे मात्र वहीत नव्हतं. हे घरचं वळण.

लाइन बंद पडली. वडजाईने ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणून बसवली. अक्का लालबुंद झाल्या. “येडे, अनोळखी माणूस आत शिरला की बाहेर पळायचं, कडी घालायची आणि चोर चोर म्हणून बोंब ठोकायची!”

“बरं, अक्का.” लिहून घेतलं.

मग दुसरंच झालं. तिन्ही गावं एकदम लाइन वापरायला लागली आणि लाइन मुंगीच्या पावलांनी चालायला लागली. वडजाई म्हणे मोरदरा सगळी ओढतोय, मोरदरा म्हणे कुरणवाडी. अक्कांचं निम्मं आयुष्य शेताला पाणी देण्यात गेलेलं. त्या म्हणाल्या, “त्यात काय! पाटाच्या पाण्यासारखं करायचं. एका वाफ्यात पाणी सोडलं की बाकीच्या वाफ्यांची तोंडं बंद. आज मोरदरा, उद्या वडजाई, परवा कुरणवाडी.”

“तोंडं कशानं बंद करतात, अक्का?”

“चिखलानं. आणखी कशानं?”

“बरं, अक्का.”

डब्याला मागे तीन भोकं होती, तीन गावांच्या तीन वायरी. वैजूने चांगला मऊ चिखल कालवला. दोन वायरी उपसल्या, भोकं लिंपली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली. मोरदऱ्याचं भोक उघडं ठेवलं, कारण त्या दिवशी त्यांचा नंबर होता. डबा एकदा फुसफुसला आणि गप्प झाला.

कुरणवाडीच्या मास्तरांनी शाळेत पडून असलेला तसलाच डबा काढून दिला. अक्कांचा आवाज तिन्ही गावांत पोचला, तोही लाइन नसताना. “मशीनला ओला हात लावायचा नाही! कधीच नाही! आधी हात उन्हात वाळवायचा, खडखडीत, मगच मशीनला शिवायचं!”

“बरं, अक्का.” कधीच या शब्दाखाली तिने दोनदा रेघ मारली.

तिसावा दिवस उजाडला. तिन्ही गावं हार-नारळ घेऊन वेशीवर उभी राहिली. साहेब मागच्या वाटेने आले आणि थेट खोलीत शिरले. वैजूने त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. ती बाहेर पळाली, कडी घातली आणि बोंब ठोकली. “चोर! चोर!”

मोरदऱ्याने काठ्या आणल्या, वडजाईने दोर आणला, कुरणवाडी कुदळी घेऊन आली. अक्कांनी कडी काढली. साहेब टेबलाखाली होते.

अक्कांचं तोंड एवढंसं झालं. साहेब मात्र धूळ झटकत म्हणाले, “अहो, मी वीस ठिकाणी फिरलो. दोन गावं एका सतरंजीवर बसत नाहीत. इथे तीन गावं पाच मिनिटांत गोळा झाली!”

“साहेब, मारायला आली होती ती.”

“कशाला का असेना, एकत्र आली ना!” मग त्यांनी खोली न्याहाळली. “खोली मोरदऱ्याची, बॅटरी वडजाईची, डबा कुरणवाडीचा. वा! हे कुणी घडवलं?”

सगळ्यांनी वैजूकडे बघितलं. काय सांगणार?

“या पोरीनं,” अक्का म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते.

महिन्यात पहिल्यांदा वैजू हसली. बाराला दहा मिनिटं होती. मशीनवर अक्षरं उमटली, ‘लाइन कायम करायची का? अंगठा लावा.’

“लावा, ताई,” साहेब म्हणाले.

वैजूने हात पुढे केला. बघते तर तळहात ओलाचिंब. “आलेच हं,” असं म्हणून ती अंगणात गेली आणि उन्हात हात धरून उभी राहिली.

“वैजू, लाव की गं अंगठा!”

“ओला आहे, अक्का.”

“असू दे!”

“कधीच नाही म्हणाला होतात. दोन रेघा आहेत.”

“मी सांगते ना, लाव!”

अक्का ओरडल्या की वैजू दचके, दचकली की घाम येई. शेवटी सगळे ओरडायचे थांबले आणि वारा घालायला लागले. मोरदऱ्याने पदराने, वडजाईने टोप्यांनी, कुरणवाडीने सुपाने. वैजूने एकेक बोट तपासलं. खडखडीत! ती आत धावली.

“थांबा!” साहेब ओरडले. “बारा वाजून गेले, प्रश्न बदललाय!”

मशीनवर आता होतं, ‘मुदत संपली. लाइन पलीकडच्या गावांना द्यायची का? अंगठा लावा.’

वैजूने अंगठा लावला. मशीन म्हणालं, “धन्यवाद.”

हिरवा दिवा गेला. मग मोरदरा म्हणाला, “पोरगी आईकडून वडजाईची.” वडजाई म्हणाली, “घर कुरणवाडीत आहे तिचं.” कुरणवाडी म्हणाली, “आडनाव मोरदऱ्याचं आहे.”

वैजूचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने वही उघडली आणि न सांगता, स्वतःच्या अकलेने पहिल्यांदा काही लिहिलं, ‘अंगठा कोरडा असला की पहिल्याच वेळी उमटतो.’