काठोकाठ भरलेले तळे

त्या दिवशी सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आज विचारायला जा, एकही मान कबूल करणार नाही. जो तो म्हणतो, "मी सभेला होतो, पण मागे उभा होतो." मित्रांनो, एवढे सगळे जर मागे उभे होते, तर पुढे कोण होते, हे मला अजून कळलेले नाही. पण ते असो. मान डोलावणाऱ्यांत एक टिटवीही होती, आणि ही गोष्ट तिची आहे. निदान ती तरी नाकारत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका जंगलात ही टिटवी राहत असे. जंगलात एक तळे होते. फार पूर्वी कुणी माणसांनी ओढ्याला मातीचा बांध घातला होता. पुढे माणसे निघून गेली, बांध तेवढा राहिला. एक बारीक झरा तळ्यात पाणी आणी आणि बांधात राहणारे खेकडे ते बाहेर सोडत. मुद्दाम नव्हे. ते आपले राहण्यासाठी बिळे पाडत आणि बिळांतून पाणी झिरपे. त्यामुळे पावसाळ्यात तुडुंब भरलेले तळे थंडीत निम्मे होई आणि उन्हाळ्यात मधोमध एक डोह उरे.

पाणी असे मागे सरके, तसा काठाचा एकेक पट्टा उघडा पडे. आधी गवत, मग चिखल, मग खडी. गवताळ उथळ पाण्यात बेडूक अंडी घालत आणि माशांची पिल्ले मोठ्या मरळ माशांपासून लपून राहत. थंडीत दूरदेशाहून येणारे चिमुकले चिखले पक्षी चिखलावर तुरुतुरु धावत किडे टिपत. घोटाभर पाण्यात बगळा उभा राही. डोहात पाणकावळा बुड्या मारी. आणि सगळ्यांत शेवटी उघड्या पडणाऱ्या खडीवर टिटवी अंडी घाली. तिची अंडी खड्यांच्याच रंगाची. खडीत ठेवली की तिची तिलाही चटकन सापडू नयेत; दुसरीकडे कुठेही ठेवली की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत.

टिटवी तळ्याची राखणही करी. तिला कुणी नेमले नव्हते. साप दिसला की ती ओरडे, मुंगूस दिसले की ओरडे, घारीची सावली पडली तरी ओरडे. तिच्या ओरडण्याने कितीतरी जीव वाचत, आणि वाचलेले सगळे तिच्यावरच वैतागत.

"हिला स्वतःला झोप नाही आणि दुसऱ्याला घेऊ देत नाही," बेडूक म्हणे.

"साप आला होता," टिटवी सांगे.

"कुठे आहे? दाखवा बघू."

साप तोवर निघून गेलेला असे. गेलेला साप कसा दाखवणार? वर्षानुवर्षे असे चालले आणि टिटवी थकली. पंखांनी नव्हे, घशाने थकली.

अशात एक उन्हाळा फार कडक आला. डोह आटून लहानसा झाला. सगळे एका जागी गोळा झाले आणि एकमेकांच्या अंगावर खेकसू लागले. रानडुकरीण पिल्लांना घेऊन लोळायला आली की पाणी गढूळ होई, आणि पाणकावळ्याला मासा दिसत नसे. तेव्हा पाणकावळ्याने सभा बोलावली. तो वाळक्या खोडावर दोन्ही पंख पसरून उभा राहिला. खरे तर तो पंख वाळवत होता, पण खालून पाहणाऱ्याला तो फार मोठा दिसत होता.

"सुरू करू या का?" त्याने विचारले.

"गोगलगाय यायची आहे अजून," बगळा म्हणाला. "पलीकडच्या काठावरून निघालीय. तिला काही सांगायचंय म्हणे."

"ती येईपर्यंत थांबलो तर आपले नातू सभा घेतील," पाणकावळा म्हणाला. सगळे हसले आणि सभा सुरू झाली.

"पाणी सगळ्यांचं आहे," पाणकावळा म्हणाला. "मग ते दर उन्हाळ्यात कमी का व्हावं? झरा पाणी देतो आणि हे खेकडे बांधाला भोकं पाडून ते घालवतात. भोकं बुजवा. बारा महिने तळं काठोकाठ. सगळीकडे सारखं पाणी, सगळ्यांना सारखं पाणी. यात कुणाचं वाईट आहे?"

कुणालाच त्यात वाईट दिसेना. बगळा तेवढा चाचरत म्हणाला, "माझे पाय जरा... म्हणजे एवढेच आहेत."

"पोहायला शिका, बगळेराव. किती दिवस उभं राहून खाणार?"

पुन्हा सगळे हसले. बगळाही हसला, कारण आपण मागासलेले दिसू नये असे त्याला वाटले.

टिटवी खडीवर बसून ऐकत होती. पाणी मागे हटले नाही तर खडी उघडी पडणार नाही, हे तिच्या चटकन लक्षात आले. तिच्या घशाशी आवाजही आला. तेवढ्यात बेडूक कुजबुजला, "टिटवीताई, आजच्या दिवस तरी शांततेनं होऊ दे." आणि टिटवीने आवाज गिळला. तिला वाटले, आयुष्यभर ओरडत आले, काय मिळाले? एकदा नाही ओरडले तर काय आभाळ कोसळणार आहे? शेजारी टिटवा, तिचा जोडीदार, तिच्याकडे पाहत होता. तिने त्याच्याकडे न पाहता मान डोलावली. मग त्यानेही डोलावली.

खेकड्यांना त्याच दिवशी तळे सोडायला सांगण्यात आले. म्हातारा खेकडा एवढेच म्हणाला, "जातो. तिरके चालतो आम्ही, जरा वेळ लागेल." रानडुकरिणीने मुस्कटाने चिखल ढकलून बिळे बुजवली आणि पिल्लांनी वरून नाचून तो चोपला.

पावसाळ्यात तळे भरले, आणि पुढे ते कमी झालेच नाही. सगळ्यांना अगदी भरून आले. पाणकावळा रोज खोडावर उभा राहून म्हणे, "बघा." आणि सगळे बघत. निळे, सपाट, सारखे पाणी. खरोखर सुंदर दिसत होते, मित्रांनो, हे मान्य करायला हवे.

पण उथळ पाण्यातले गवत बुडून कुजले. बेडकांनी नेहमीसारखी काठाला अंडी घातली, आणि आता काठापर्यंत खोल पाणी असल्यामुळे मरळ तिथवर पोहोचले आणि सगळी खाऊन गेले. माशांच्या पिल्लांचेही तेच झाले. थंडीत चिखल्यांचा थवा आला, तळ्यावर एक घिरटी घातली, खाली उतरायला चिखल शोधला आणि न थांबता पुढे निघून गेला. बगळ्याने काही दिवस एका बुडत्या फांदीवर उभे राहून पाहिले. मग "मावशीकडे जाऊन येतो" म्हणून गेला, आणि परतला नाही. कुणी भांडून गेले नाही, कुणी रडून गेले नाही. एकेक आवाज कमी होत गेला, आणि ज्याचा आवाज गेला त्याची आठवण काढायला दुसरा आवाज उरला नाही.

टिटवीला सगळे दिसत होते. पण आता कुणासाठी ओरडायचे?

उन्हाळा आला. उन्हाने पाणी थोडे खाली गेले, पण खडी बुडालेलीच राहिली. टिटवीच्या पोटात अंडी तयार होती. अंडी काही सभेचे ऐकत नाहीत. कोरडी, उघडी अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे बांधाचा माथा. तिने तिथेच मातीत खळगा केला आणि चार अंडी घातली. तांबड्या मातीवर ती लांबूनच दिसत होती.

बांधाचा माथा म्हणजे रानडुकरांची वाट. सकाळी रानडुकरीण पिल्लांची रांग घेऊन आली. टिटवी पंख पसरून आडवी झाली, जिवाच्या आकांताने ओरडली. टिटवाही डोक्यावरून झेपावत ओरडू लागला.

"काय झालं एवढं?" रानडुकरीण म्हणाली. "साप आहे का?"

"अंडी आहेत, अंडी!"

"कुठं?" म्हणत ती एक पाऊल पुढे आली. आणि अंडी तिच्या खुरांखाली फुटली. खाली बघून ती म्हणाली, "अगं बाई, वाटेत का घातलीस?"

"दुसरीकडे जागा कुठे आहे?" टिटवी म्हणाली.

रानडुकरिणीने तळ्याकडे पाहिले, बांधाकडे पाहिले आणि ती पिल्लांना घेऊन आल्या वाटेने परत गेली. बिळे तिनेच बुजवली होती.

टिटवी दिवसभर त्या फुटक्या अंड्यांच्या खळग्याशेजारी बसून राहिली. संध्याकाळी टिटवा म्हणाला, "सभेत तुझ्या घशाशी आलं होतं. मी पाहिलं होतं."

"मग तू का नाही ओरडलास?"

"मला वाटलं, तू ओरडशील."

टिटवीला राग यायला हवा होता. पण रागवायलाही थोडा जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी ती ओढ्याच्या काठाने खाली गेली. बऱ्याच अंतरावर, एका दगडाच्या कपारीत म्हातारा खेकडा बसला होता.

"टिटवीबाई? साप आला का?"

"नाही. तुम्हाला न्यायला आले."

"का? तळं भरलं नाही का तुमचं?"

"भरलं. तेच झालं."

तिने सगळे सांगितले. बेडूक, चिखले, बगळा, अंडी. खेकडा नांगीने वाळू चाळत ऐकत राहिला.

"हे बघा," तो शेवटी म्हणाला, "मी काही तुमच्यावर उपकार करत नव्हतो. मला राहायला घर लागतं, म्हणून बीळ पाडत होतो. त्यातून तुमची खडी उघडी पडते, बगळ्याला घोटाभर पाणी मिळतं, हे मला आज तुमच्याकडून कळतंय."

"मला तरी कुठे नीट माहीत होतं," टिटवी म्हणाली. "चला ना परत."

"सभेनं हाकललं. सभेनं बोलवावं."

"सभेला आता उरलंय कोण?"

खेकड्याने कपारीत वळून आपल्या भाऊबंदांना हाक मारली. "उठा रे. बांधावर जायचंय."

ते तळ्यावर पोहोचले तेव्हा पाणी हिरवेगार झाले होते आणि त्याला घाण वास येत होता. मरळ एकमेकांना खात होते. पाणकावळा खोडावर नव्हता. "मासे आळशी झालेत," असे म्हणून तो पलीकडच्या तळ्यावर गेला होता. तिथे त्याची सभा होती. खेकड्यांनी बिळे पाडायला घेतली. या वेळी रानडुकरीण लांब उभी राहून पाहत होती. तिने पिल्लांना बांधावर चढू दिले नाही.

पाणी हळूहळू झिरपू लागले. आधी कुजक्या गवताचा पट्टा वर आला, मग चिखल. उन्हाळा सरता सरता खडीचा एक लहानसा तुकडा उघडा पडला, शेवाळाने माखलेला. टिटवीने तो उन्हात सुकू दिला. मग त्यावर पुन्हा अंडी घातली. या खेपेला तीनच.

एके सकाळी बगळा घोटाभर पाण्यात उभा दिसला. मावशी कशी आहे, ते त्याने सांगितले नाही, आणि टिटवीने विचारले नाही. कुठूनसा एक बेडूकही आला, एकटाच. बाकीचे येतील की नाही, कुणाला ठाऊक. पूर्वी गवतावर लाल शेपटीचे चतुर बसत, ते काही आले नाहीत. तळे मोडायला एक सभा पुरली. जोडायला किती उन्हाळे लागतील, ते खेकड्यांनाही सांगता येईना.

"यापुढे ओरडत जा हो, टिटवीताई," बगळा म्हणाला. "आम्ही काही म्हणणार नाही."

"म्हणाल," टिटवी म्हणाली. "पण मी ओरडेन."

एवढ्यात गवतातून गोगलगाय आली. पाणी वाढल्यामुळे तिची वाट बुडाली होती आणि तिला सगळ्या तळ्याला वळसा पडला होता. मधल्या उन्हात ती शंखाचे दार लावून झोपली होती, ते वेगळेच.

"सभा कुठे आहे?" तिने विचारले.

"झाली," टिटवी अंड्यांवरून न उठता म्हणाली. आणि काय ठरले, काय झाले, ते तिने थकल्या आवाजात पहिल्यापासून सांगितले.

तात्पर्य : जिथे खोल पाण्याला, उथळ पाण्याला, चिखलाला आणि खडीला आपापली जागा असते, तिथेच निरनिराळ्या जिवांना जागा मिळते, सगळीकडे एकसारखे करून टाकले की एकट्याचेच फावते, आणि तेही फार दिवस नाही.

"हेच सांगायला निघाले होते मी," गोगलगाय म्हणाली.